भिंतीवरची रेघ

घराच्या बाहेरच्या भिंतीवर पुराची रेघ होती. तिच्यावर हात ठेवून घोलपकाका जमलेल्या लोकांना म्हणाले, "पाणी इथवर चढलं. मुलीचा हात माझ्या हातात होता." नेहमीसारखेच ते याच वाक्यावर थांबले.

शहराच्या इतिहास मंडळाची फेरी दर रविवारी त्यांच्या दारात यायची. लोक पुढे गेल्यावर स्वयंसेविका शर्वरी मागे राहिली.

"काका, मागच्या रविवारी रडलात तेव्हा किती छान झालं होतं. आज लोकांपर्यंत काही पोचलंच नाही."

"आज नाही आलं गं रडू."

"असू दे. यापुढे तुम्ही त्रास घेऊ नका. आम्ही करतो व्यवस्था."

पुढच्या रविवारी काकांनी दार उघडलं, तर मंडळाचा एक नाटकवाला स्वयंसेवक धोतर-टोपी घालून भिंतीपाशी उभा होता. रेघेवर हात ठेवून तो हुंदके देत होता. "माझ्या पोरीचा हात सुटला हो. तिचा लाल फ्रॉक बघता बघता दिसेनासा झाला." बायका डोळे पुसत होत्या.

"पिवळा होता," काका उंबऱ्यातून म्हणाले. कुणी वळलं नाही. इतक्या वर्षांत जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून निघालं. "आणि हात सुटला नाही. कडेवर धाकटा होता, म्हणून मी सोडला."

आता मात्र पुढची एक बाई वळली. तिचे गाल ओले होते.

"आजोबा, जरा गप्प बसता का? त्यांचं दुःख ऐकू द्या."