पानाची पिंक

सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. नवऱ्याचं तोंड पानानं भरलेलं बघून सुमतीनं नेहमीप्रमाणे पिशवी पुढे केली. "दार उघडू नका हो. ह्यात थुंका."

त्यानं तिचा हात झटकला आणि मागे न बघता पिंक टाकायला खाडकन दार उघडलं. थांबलेल्या गाड्यांच्या कडेनं एक सायकलवाला घंटी वाजवत बेताबेतानं येत होता. तो दारावर आदळला आणि शेजारून निघालेल्या टेम्पोखाली गेला.

सुमती धावली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा श्वास नव्हता. त्याच्या डब्यातून सांडलेली भेंडीची भाजी तिच्या हाताला लागली, अजून कोमट होती.

"दार कुणी उघडलं?" लोकांनी खाली उतरलेल्या नवऱ्याला घेरलं. दार त्यानं लावून घेतलं होतं. तोंड भरलेलं, बोलता येईना. एरवी पानाचा रस घशात गेला तरी त्याला ठसका लागायचा. आज त्यानं सगळंच्या सगळं गिळून टाकलं.

"बंदच होतं दार. विचारा हिला."

सगळे सुमतीकडे वळले. चुरगळलेली पिशवी अजून तिच्या मुठीत होती.

"तोंड रिकामं झालं ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "आता खरं बोला."