साधी गाठ

झुनिल्दाला एमआरआयच्या खोलीत नेलं आणि एपिफानियो बाहेरच्या बाकावर मटकन बसला. सोनोग्राफीत तिच्या यकृतात लिंबाएवढी गाठ दिसली होती. त्याचे वडील अशाच गाठीने पाहता पाहता गेले होते.

शेजारी बसलेल्या आईने गार तेरेरे चहाचा पेला त्याच्यापुढे धरला. "दोन घोट घे रे. कालपासून पोटात काही नाही तुझ्या."

"नको गं, आई."

"इतकी वर्षं पायी जाता काकुपेच्या यात्रेला, देवमातेने एक लेकरू दिलं नाही. आणि आता सुनेवरच उठलीय!"

पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. त्यानंतर झुनिल्दाला दिवस राहिलेच नाहीत. एपिफानियोने डोळे मिटले. आतून यंत्राची धडधड ऐकू येत होती. मूल नको, तो मनात म्हणाला. पुन्हा कधी मागणार नाही. हिला तेवढी ठेव.

दुपारी डॉक्टरबाईंनी नवराबायकोला आत बोलावलं. पडद्यावर काळी-करडी चित्रं होती. एपिफानियोला त्यातलं काही कळेना. तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कर्करोग नाही," बाई म्हणाल्या. "साधी गाठ आहे. आत चरबी भरलीय, एमआरआयमध्ये स्वच्छ दिसतंय. ऑपरेशनही नको."

एपिफानियो ढसाढसा रडायला लागला. बायकोचे दोन्ही हात त्याने कपाळाला लावले. झुनिल्दा मात्र खाली बघत होती.

"फक्त त्या गोळ्या आजपासून बंद. गाठ हळूहळू आकसेल. सहा महिन्यांनी परत बघू."

"कुठल्या गोळ्या?" एपिफानियोने विचारलं.

बाईंनी झुनिल्दाकडे बघितलं. "दिवस राहू नयेत म्हणून घेतात त्या," बाई चाचरत म्हणाल्या. "त्यांनी होते कधीकधी अशी गाठ."

बाहेर आल्यावर त्याने तिचा हात सोडला.

"माझ्याबरोबर काकुपेला चालत यायचीस, पायांना फोड येईपर्यंत. आणि घरी येऊन गोळी घ्यायचीस? का, झुनिल्दा?"

ती भिंतीला टेकली.

"बाळंतपण अडलं, तेव्हा तू दारात उभा राहून ओरडत होतास. 'बाळाला वाचवा, आधी बाळाला वाचवा.'" तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मी शुद्धीवर होते."