नळीचं वजन

मोटारीची मागची मखमली गादी अठरा शेर भरली. कुतुबुद्दीननं कोळशानं भिंतीवर आकडा लिहिला आणि वरच्या आकड्यांत मिळवला. अजून मणभर वजन उतरवायचं होतं.

"आता ही मधली काच, आन् ही बोलायची नळी," ज्ञानू लोहार म्हणाला. "एवढं निघालं की चढतीया बघा तुमची म्हातारी!"

उद्या सकाळी आठला दरबारचा कारकून येणार होता. सहा उतारू बसवून, एकालाही खाली न उतरवता मोटार कात्यायनीचा चढ चढली, तर बिद्रीपर्यंत सर्व्हिस चालवायचा परवाना मिळणार होता. नाहीतर जन्माची पुंजी घालून घेतलेली ही जुनी विलायती बंद मोटार दारात गंजत पडणार होती. काल वाळूची सहा पोती घालून नेली, तर तिसऱ्या वळणावर तिनं मान टाकली. तेव्हापासून कुतुबुद्दीननं सिलिंडरातली काजळी खरवडली होती, व्हॉल्व घासले होते, ठिणगीची वेळ केसभर अलीकडं आणली होती. एकच गोष्ट हाती लागत नव्हती. इंजिन तापतं कशानं?

मोटार मुळात इनामदारांच्या विधवा आक्कासाहेबांची. जर्मन लढाईच्या तीन वर्षं आधी ती कोल्हापुरात आली, आणि आक्कासाहेब वारेपर्यंत नऊ वर्षं कुतुबुद्दीननंच ती चालवली. बाई पडद्यातल्या. मागच्या खिडक्यांना झिरमिळ्यांचे पडदे, मध्ये जाड काच. त्यांचा चेहरा त्यानं कधी पाहिला नाही. आवाज तेवढा पितळी नळीतून यायचा. नळीचं नसराळं त्याच्या गालाशी होतं. "चल." "सावकाश." याच्या पलीकडं बोलणं नाही.

"दगडाची बाई आहे," असं तो खैरुनला सांगायचा.

खैरुन त्याची बायको. मोटार आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी प्लेगात गेली. मूलबाळ नव्हतं. नोकरांच्या खोल्या भिंतीला भिंत लागून, तिथं कुजबुजलं तरी चार कान टवकारत. एकटा असा तो मोटारीतच असायचा. काच बंद, पुढं रस्ता. मग तो खैरुनशी हळू आवाजात बोलायचा. भाकरी करपली. गुडघा धरला. शुक्रवारची सुट्टी काही मिळत नाही.

शुक्रवारी आक्कासाहेब अंबाबाईला जायच्या. परतताना कबरस्तानाच्या वळणावर नळीतून आवाज यायचा, "इंजिन तापलंय. अर्धा तास थांब." सपाट रस्ता, जेमतेम दीड मैल आलेली मोटार. कुतुबुद्दीन पाण्याच्या टाकीवर हात ठेवून बघायचा, तर कोमट. पण हुकूम तो हुकूम. बाईंना मागं जळका वास येत असेल, पुढं येत नसेल. तो अर्धा तास तो खैरुनच्या कबरीपाशी बसायचा आणि अल्लाची मेहेरबानी समजायचा.

मोटार स्वतःची झाल्यापासून सात महिन्यांत त्यानं पाण्याच्या नळ्या बदलल्या, पंखा बदलला, त्या वळणावर वीस वेळा नेऊन पाहिलं. एकदाही तापली नाही. जो दोष सापडत नाही तोच उद्या भर चढावर उपटणार, अशी त्याला धास्ती होती.

ज्ञानू मागं शिरला. दार ओढून घेऊन नळीचा स्क्रू फिरवू लागला. कुतुबुद्दीननं पुढून नसराळं धरलं आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "खैरुन, कल इंजन तपा तो क्या करूं गे?"

"तापतंय कशानं!" अगदी कानाशी आवाज आला. "सात म्हैनं झालं त्येच खूळ. आन् वहिनींना कशाला तरास देतासा? निजू द्या की बिचारीला!"

कुतुबुद्दीन दचकून वळला. काचेपलीकडं ज्ञानू दात काढत होता. काच बंदच होती.

"तुला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? नळी हाय न्हवं! कानात तोंड घालून बोलल्यागत येतंय."

कुतुबुद्दीनचा हात नसराळ्यावरच राहिला. नळीला दोन तोंडं असतात. इतकं साधं. हुकूम मागून पुढं येतो, म्हणून आवाजही तेवढ्याच बाजूनं येतो, असं तो धरून चालला होता. करपलेली भाकरी, गुडघा, दगडाची बाई, सगळं पलीकडं पोचलं होतं. आणि एका शुक्रवारी तो म्हणाला होता, तीन महिने तुझ्या कबरीवर आलो नाही, रागावू नकोस. त्याच दिवशी इंजिन पहिल्यांदा तापलं होतं.

बाईंनी एका शब्दानं कळू दिलं असतं, तर तो मोटारीत पुन्हा कधी बोलला नसता.

"काढू न्हवं?" ज्ञानूनं विचारलं.

"काच काढ. नळी राहू दे. त्याच्या बदली माझ्या बुडाखालची गादी काढ."

"आन् बसणार कशावर?"

"फळीवर."

सकाळी मोटार सहा उतारू घेऊन चढली. तिसऱ्या वळणावर धापा टाकू लागली, पण थांबली नाही. माथ्यावर कारकुनानं टाकीला हात लावून पाहिला.

"तापली न्हाय की ओ! काय केलासा, पावणं?"

"ती कधी तापतच नव्हती," कुतुबुद्दीन म्हणाला.

उतारू गावात उतरले. परवान्याचा कागद खिशात घालून तो एकटा निघाला. कबरस्तानाच्या वळणावर कुणी थांब म्हटलं नाही. तो थांबला. ही खबर सगळ्यांत आधी खैरुनला सांगायची म्हणून नसराळ्याकडं झुकला, आणि त्यानं मागं पाहिलं. तिथं नुसत्या फळ्या होत्या. इतकी वर्षं तो मोटारीत आपण एकटेच आहोत असं समजून बोलत आला होता. आज तो खरंच एकटा होता, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना.