लाल मातीचा डबा

प्रतिक्षाच्या डब्यात धान उगवलं होतं. काल शाळा सुटली तेव्हा त्यात नुसती लाल माती होती, आणि आज विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी बोटभर उंचीच्या कोवळ्या रोपांचे हिरवेगार पऱ्हे उभे होते. बियाणं कितीही गुणाचं असलं तरी एका रात्रीत एवढं वाढत नाही, हे सातवीतल्या पोरीलाही कळतं. शेजारचा गुंजनचा डबा, तळ्याकाठच्या काळ्या मातीचा, काल गच्च भरलेला होता. आज तो विरळ दिसत होता.

मूळ कल्पना घनश्याम सरांचीच. पोषण आहाराच्या तेलाचे रिकामे डबे आडवे कापायचे, ज्याने त्याने आपल्या शेतातली माती भरायची आणि घरात आणून ठेवलेलं बियाणं त्यात टाकायचं. उन्हाळी धानाची पेरणी तोंडावर आली होती. कुणाचं बियाणं उगवतं, कुणाचं नाही, हे पोरांनीच शोधायचं. "वाचून काय होते? हात लावून पाहा," हे सरांचं वर्षभराचं पालुपद. सगळ्यांचे डबे हिरवे झाले, प्रतिक्षाचाच झाला नाही. ती रडकुंडीला आली तेव्हा सरांनीच तिची समजूत घातली होती. न उगवणं हासुद्धा निकालच असतो, उलट तुझाच डबा सगळ्यांत मोलाचा, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून त्या उजाड डब्याला ती जिवापाड जपत होती.

घरी तिने आईला, पंचफुलाला, सांगून पाहिलं, की गोमाजीच्या दुकानचं आपलं बियाणं टाकू नकोस, ते मेलेलं आहे. पंचफुलाने ऐकून घेतलं, पण पोरीच्या एका डब्यावर सारा हंगाम कसा ठरवायचा? "माह्या डोळ्यानं पाहीन, मंग ठरवीन," एवढंच ती म्हणाली.

आणि गोमाजी काही नुसता दुकानदार नव्हता. शाळा समितीचा अध्यक्षही तोच होता.

डब्यांपुढे आज दोरी बांधली होती. दोरीला पुठ्ठ्याची पाटी: 'हात लावू नये'. अक्षर सरांचं.

प्रतिक्षाने त्यांना एकीकडे गाठून विचारलं. सर तिच्याकडे न बघता दोरीची गाठ आवळत राहिले. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत, गोमाजी येणार आहे, शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे, आजच्या दिवस समजून घे, असं काहीबाही म्हणाले. त्यांच्या अंगठ्याच्या नखात काळी माती होती. मग ते साहेबांची खुर्ची पुसायला गेले. गोमाजीचं तिला काही वाटलं नाही, दुकानदार तो, आपलाच माल चांगला म्हणणार. पण सरांनी असं करावं?

पंचफुला मजुरीची अर्धी पाळी टाकून आली. हिरवा डबा पाहून तिचा चेहरा आधी खुलला आणि लगेच उतरला.

"उगवलं ना वं चांगलं. मंग मले खोटं काहून सांगतलं? उद्याच पऱ्हे टाकून घेऊ."

तेवढ्यात साहेब आले. आपल्या दुकानचं बियाणं म्हणून गोमाजीने तोच डबा आधी दाखवला. साहेब खुशीत खाली वाकले आणि या प्रयोगातून काय शिकलीस, असं त्यांनी प्रतिक्षाला विचारलं. मागे उभे राहून सर ओठ हलवून तिला उत्तर सांगत होते.

तिने दोरीखालून हात घातला आणि एक रोप उपटलं. ते अलगद हातात आलं. मुळाशी काळ्या मातीचा ओला गोळा होता. तिने तो साहेबांना दाखवला नाही, आईपुढे धरला. मायलेकींच्या शेतात काळी माती औषधालाही नव्हती.

पंचफुलाने गोळ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

सर लगबगीने पुढे झाले. त्यांनी रोप तिच्या हातातून घेतलं, पुन्हा लाल मातीत खोचलं आणि रोवणीत धानाची लावणी करणाऱ्या बाया चिखलात पऱ्हा दाबतात तसं अंगठ्याने दाबून उभं केलं. "हात लावायचा नाही म्हटलं ना," ते हळूच म्हणाले.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "सांग बेटा, काय शिकलीस?"

प्रतिक्षा सरांच्या अंगठ्याकडे बघत होती.

"आमच्या सरले रोवणी येते," ती म्हणाली.