बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

शिलाईच्या बटणांच्या डब्यात नवऱ्याच्या टीबीच्या गोळ्या सापडल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, गिळल्या म्हणून शपथा घेत होतात ना? डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जंतू मेलेले नाहीत, नुसते झोपलेत!"

"आता बरं वाटतंय मला." त्यांनी शिलाई मशीन थांबवलं.

त्या शांततेत बारीक घोरणं ऐकू आलं. लेक शाळेत गेलेली, घरात तिसरं कुणीच नव्हतं. मी त्यांच्या छातीला कान लावला. घोरणं आतून येत होतं, एकाचं नव्हे, असंख्यांचं.

"हळू बोल," ते कुजबुजले. म्हणजे यांना ठाऊक होतं!

"हळू? रोज लेकीला कुशीत घेऊन झोपता तुम्ही!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

घोरणं एकदम थांबलं.