चिठ्ठ्यांची अदलाबदल

"त्या पानांच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मरायला लागल्या, तेव्हा मी रडलेच," सत्काराचा हार सावरत कुमुदिनी माईकवर म्हणाली. समोर बसलेल्या, तेव्हा तिच्याच प्रयोगशाळेत शिकणाऱ्या वत्सलेचा चाळीस वर्षांचा जळफळाट उफाळून आला.

"खरं तर मला दुसरंच झाड तपासायचं होतं. वाळल्या पानांच्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्याच बदलल्या. देवाची करणी!"

देव कसला? सरांची लाडकी तोंडघशी पडावी म्हणून वत्सलेनंच त्या बदलल्या होत्या. आणि टाळ्या मात्र हिला!

"पुड्या आम्ही दोघींनीच बांधलेल्या. वत्सले, आठवतं का गं तुला काही?"

माईक वत्सलेच्या हातात आला. खरं सांगितलं, तर निम्मा मान आपला; पण लबाडीही आपलीच.

"छे बाई! इतकं जुनं कुठलं आठवतंय?" ती हसली.

चिठ्ठ्यांवरची जांभळी शाई तिला अजून लख्ख दिसत होती.