उघडीप

“पोरी, छत्री जरा इकडे घे गं,” सर म्हणाले.

चष्मेवालीने हात पुढे केला. पण सरांनी ‘पोरी’ म्हटलं होतं ते तिला नव्हतंच. छत्री होती दातांच्या डॉक्टरणीच्या हातात, आणि तिला आकाशदर्शन मंडळात येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरणीने छत्री सरांच्या मुठीत दिली, वर त्यांच्या गुडघ्यांवर स्वतःची शाल टाकली. चष्मेवालीचा हात हवेतच राहिला. मग तिने तो केसांवरून फिरवून घेतला, जणू त्यासाठीच उचलला होता.

आकाशदर्शनाला गर्दी चांगली जमली होती, पण संध्याकाळपासून पाऊस नुसता भुरभुरत होता. मुलंबाळं घेऊन आलेले लोक मैदानाच्या कडेला पत्र्याखाली जाऊन बसले. डॉक्टरीण तिथे गेली आणि बोलायला लागली. “शनीवर इतकी थंडी आहे, इतकी थंडी आहे, की सगळ्यांचे दात वाजतील आणि माझा दवाखाना जोरात चालेल!” पत्र्याखाली हशा पिकला. बाहेर तिच्या विकतच्या दुर्बिणीशेजारी खुर्चीत बसलेले सरही हसले. जरा जास्तच हसले, असं चष्मेवालीला वाटलं. पाय आपटत ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या दुर्बिणीकडे निघून गेली.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, म्हणून चष्मेवाली. तिच्या दुर्बिणीचं नळकांडं सांडपाण्याच्या पाइपाचं होतं, आणि आतला आरसा तिने घरच्या गॅलरीत दोन हिवाळे हाताने घासून केला होता. किती दाबायचं, कधी थांबायचं, हे सरांनी तिच्या हातांवर हात ठेवून शिकवलं होतं. तेव्हा मंडळात ‘पोरी’ म्हणजे ती एकटीच. आता सरांची नजर उतरत चालली होती. पुढच्या वर्षी काही दिसेल, अशी खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. शनीची कडी सरांनी शेवटची बघायची ती आपल्या आरशातून, एवढं तिने मनाशी धरलं होतं. बाकी सगळी गर्दी डॉक्टरणीकडे गेली तरी तिला चाललं असतं. खरं म्हणजे तेही चाललं नसतं.

पाऊस थांबला. तिने दुर्बिणीवरचं प्लॅस्टिक काढलं आणि वर पाहिलं. ढगांना नेमकं हवं तिथे भगदाड पडलं होतं. तिने घाईघाईने नळकांडं वळवलं आणि डोळा लावला. शनी. चिमुकला, पिवळसर, आणि भोवती सुबक कडी. आरसा जमला होता.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. ढग हटलेले ज्याला आधी दिसतील त्याने “उघडलं!” म्हणून बोंब ठोकायची, मग बाकीच्यांनी हातातलं टाकून धावायचं. नियम सरांचाच. आभाळ काही कुणाच्या बापाचं नाही, असं ते दर वेळी बजावत.

चष्मेवालीने तोंड उघडलं, आणि मिटलं. ओरडलं की सर उठतील, आणि शेजारीच डॉक्टरणीची दुर्बीण आहे. तिची मोटर फिरेल, शनी आपणहून समोर येईल, सर आधी तिथेच वाकतील. “वा, पोरी!” म्हणतील.

ती मैदान ओलांडून पळत गेली.

“सर, जरा चला ना माझ्याकडे. आरसा दाखवायचाय.”

“आत्ता? उघडलं का?”

“चला तर.”

पत्र्याखालून डॉक्टरणीने हाक दिली, “ताई, मी येऊ का सरांना धरायला?”

“काही नको!”

सरांनी काठी घेतली. छत्री मिटायला लागले तशी तिने ती काढून घेतली आणि त्यांच्या डोक्यावर चांगली खाली ओढून धरली.

“पाऊस थांबलाय ना गं?”

“थेंब थेंब आहे, सर.”

ओल्या गवतातून सर एकेक पाऊल चाचपत चालले होते. त्यांना उचलून न्यावं, असं तिला झालं होतं. छत्रीच्या कडेवरून ती पुन्हा पुन्हा वर बघत होती. मैदानाच्या मध्यावर भगदाड अर्धं झालं. थोडं पुढे गेल्यावर बोटभर राहिलं. दुर्बिणीपाशी पोचले तेव्हा वर सगळा काळा लगदा होता.

गेलं सर, असं म्हणायला हवं होतं. तिने छत्री आणखी खाली ओढली.

सरांनी काठी तिच्याकडे दिली, नळकांड्याच्या वरच्या टोकाशी वाकले आणि डोळा लावला. ते बराच वेळ बघत राहिले. पत्र्याखाली पुन्हा हशा पिकला, पण तिचं तिकडे लक्ष गेलं नाही.

“सुरेख घासलायस,” सर म्हणाले. “कडी अगदी सुटी दिसतेय, पोरी.”

नळकांड्यावर टप्पकन थेंब पडला. मग आणखी दोन-तीन.

सरांनी डोळा हलवला नाही. चाचपत हात मागे करून त्यांनी तिच्या हातातली छत्री घेतली आणि आरसा भिजू नये म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर धरली.